चिठ्ठी रेशनकार्डात ठेवू नका

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाड्या-शाळांत येतं. डॉक्टर पोराच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात, पुन्हा ऐकतात आणि चिठ्ठीवर 'मर्मर' लिहून मोठ्या दवाखान्यात पाठवतात. मग आपल्या आष्टीत एका घरी रडारड सुरू होते, 'पोराच्या काळजाला भोक आहे!' दुसऱ्या घरी चिठ्ठीची घडी रेशनकार्डात जाते, कारण पोरगं तर दिवसभर उड्या मारतं. दोन्ही घरं चुकतात.

संत्र्याला ओलित करताना पाहिलंच असेल. पाट सारखा असला की पाणी गुपचूप जातं; दगड आडवा आला की खळखळतं. आणि पाणी जास्त सोडलं तर चांगला पाटही वाजतो. हृदयाचं तसंच. झडपा मिटल्याचे दोन ठोके, त्यांच्या मधे रक्ताची सळसळ ऐकू आली तर ती मर्मर. हे आवाजाचं नाव आहे, आजाराचं नाही. तापात, गरोदरपणी, अंगात रक्त कमी असलं तरी ती येते, म्हणून हिमोग्लोबिन पाहा आणि आपल्याकडे सिकलसेलही तपासा. कित्येक धडधाकट मुलांत ती असते आणि वाढत्या वयात जातेही.

आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असंही नाही. बारीक छिद्रातून रक्त जोरात उसळतं, आवाज दणदणीत येतो आणि असं छिद्र बरेचदा आपोआप बुजतं. मोठं भोक कधी कधी गप्प राहतं. कानाने न कळणारं हे एकोत दिसतं. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सुई नाही, दुखणं नाही.

मात्र बाळ दूध ओढताना थांबून धापा टाकत असेल, कपाळाला घाम सुटत असेल, वजन धरत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर एकोच्या तारखेची वाट पाहू नका. म्हाताऱ्या माणसाला चढावर दम लागून भोवळ येत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. झडप कडक झालेली असू शकते.

घसादुखीनंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन आज गुडघा, उद्या घोटा सुजला, तर तेल चोळत बसू नका. तो संधिवाताचा ताप झडपा खराब करतो. डॉक्टरांनी दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन सांगितलं असेल, तर बरं वाटलं तरी ते चुकवू नका.

आणि पोरीच्या लग्नाला आडवं येईल म्हणून मर्मर लपवणाऱ्यांवर मला खरंच राग येतो. मर्मरमागे झडप अरुंद झालेली असली, तर ती पहिल्या बाळंतपणातच जिवावर बेतू शकते.

सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीला विनोबा भावे रुग्णालय. एको कोणत्या दिवशी होतो ते विचारून मगच आर्वीमार्गे बस धरा. ऑपरेशन लागलंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं तिथेच विचारा. त्यासाठी आधार आणि रेशनकार्ड सोबत घ्या. चिठ्ठी त्यातच सापडेल.