भटकंतीची वही : ऐंशी नोटांचा परदेश

दोस्तांनो,

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी एकाचं पत्र आलं. पत्र कसलं, एका ओळीचा प्रश्नच! "ताई, परदेश बघायचा तर बाबा श्रीमंतच असावे लागतात का हो?" प्रश्न वाचून आधी हसू आलं आणि मग जरा गप्पच झाले. कारण कॉलेजात असताना मलाही अगदी हाच प्रश्न पडला होता. तेव्हा आज वहीचं ते पान उघडते. त्यात थोडी फजिती आहे, आणि मी केलेला एक मूर्खपणाही आहे. हसायचं तर खुशाल हसा!

गोष्ट आहे नोव्हेंबर २०१९ ची. मी तेव्हा डोंबिवलीत शेवटच्या वर्षाला होते. शेजारच्या दोन मुलांच्या शिकवण्या घेऊन मी आठ हजार रुपये साठवले होते. माझी वर्गमैत्रीण म्हणाली, "चल, दिवाळीनंतर परदेशी जाऊन येऊ." मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय. पण तिने नकाशा पुढे केला आणि बोट ठेवलं नेपाळवर. खरंच की! नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र चालतं. आणि विमानाचीही गरज नाही. आगगाडी, एसटीसारखी बस, आणि शेवटी चक्क पायी चालत परदेश!

"तुझ्याकडे किती आहेत?" तिने विचारलं. तिच्याकडे पंधरा हजार होते. आणि मी, का कोण जाणे, बोलून गेले, "माझ्याकडेही तेवढेच."

बस्स. मूर्खपणा तो हाच. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

त्या वेळी नेपाळमध्ये शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटा चालत नव्हत्या. म्हणून मी बँकेतून सगळ्या शंभराच्याच नोटा आणल्या. ऐंशी नोटांचा हा जाडजूड गठ्ठा! आईने सलवारीला आतून चोरखिसा शिवून दिला. शिवाय दशम्या, लसणीची चटणी आणि डबाभर चिवडा. एवढ्या शिदोरीवर आम्ही कल्याणला गोरखपूरच्या गाडीत बसलो. स्लीपरचा डबा, दीड दिवसाचा प्रवास. गोरखपूरहून बसने तीनेक तासांत सोनौली. तिथे रस्त्यावर एक मोठी कमान आहे. कमानीच्या अलीकडे भारत, पलीकडे नेपाळ. सायकली, हातगाड्या, शाळेची मुलं, सगळे ये-जा करत होते. आम्ही ओळखपत्रं दाखवली आणि चालत पलीकडे गेलो. मी मागे वळून पाहिलं. परदेशात येऊन मला पुरतं अर्धं मिनिटही झालं नव्हतं!

पहिली गंमत पाट्यांची. नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात, त्यामुळे परदेशात असूनही आम्हाला सगळं वाचता येत होतं. कळत मात्र अर्धंच होतं! दुकानाला 'पसल', पोलिसाला 'प्रहरी', चहाला 'चिया'. आणि आपल्याला कुणी 'बहिनी' म्हटलं, तर ती एकटीच धाकटी बहीण बरं का, अनेक बहिणी नव्हेत.

दुसरी गंमत हिशेबाची. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये होतात. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. त्यामुळे किंमत ऐकली की १.६ ने भागायचं. पहिल्या दिवशी कागद-पेन्सिल लागली, तिसऱ्या दिवशी तोंडी जमू लागलं. गणिताच्या बाईंनी पाहिलं असतं तर त्यांना भरून आलं असतं!

सोनौलीपासून लुंबिनी जवळच आहे. गौतम बुद्धांचं जन्मस्थान. तिथल्या मायादेवी मंदिराशेजारी सम्राट अशोकाचा दगडी स्तंभ उभा आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर अशोक स्वतः इथे आला होता, आणि बुद्धांचा जन्म इथे झाला म्हणून त्याने या गावाचा कर कमी केला, असं त्या स्तंभावर ब्राह्मी लिपीत कोरलं आहे. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची करमाफीची पाटीच म्हणा ना! हा लेख १८९६ मध्ये उजेडात आला आणि लुंबिनी नेमकी कुठे, या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

तिथेच झाडाखाली बसलेल्या आजीबाईंनी आम्हाला हाक मारली, "कुठल्या गं पोरींनो तुम्ही?" अस्सल मराठी! नागपूरकडचे पन्नासेक लोक बसने यात्रेला आले होते. आजी म्हणाल्या, "बाबासाहेब काठमांडूला आले होते, ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यावर डॉ. आंबेडकर नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते आणि तिथे त्यांनी भाषणही केलं होतं. आजींनी ते सांगितलं आणि वर मूठभर शेंगदाणेही हातावर ठेवले.

लुंबिनीत निरनिराळ्या देशांनी बांधलेले विहार आहेत. त्यातल्या एकात देणगी देऊन राहता आणि जेवता आलं. खर्च वाचला म्हणून मी मनातल्या मनात उडी मारली. मैत्रिणीला अर्थात कारण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातची काठमांडूची बस. स्टँडवर पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात सहा पन्नास झाले होते. "दहा मिनिटं आहेत, चहा घेऊ," मी ऐटीत म्हटलं. चहावाला हसायलाच लागला. बस निघून गेली होती! झालं होतं काय, की नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. मैत्रिणीने आपलं घड्याळ आदल्याच दिवशी लावून घेतलं होतं, पण मी "मला कळतं" म्हणत राहिले. मग काय, पुढच्या बसमध्ये इंजिनाशेजारच्या बाकड्यावर बसून त्रिशूली नदीच्या कडेकडेने दिवसभर आदळत गेलो. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

काठमांडूत ठमेल नावाच्या भागात स्वस्त खोली मिळाली. आणि इथून माझी खरी पंचाईत सुरू झाली. आगगाडीचे जायचे-यायचे पैसे गेले होते, परतीच्या बसचे बाजूला ठेवायचे होते. मैत्रीण म्हणाली, "इथे केक छान मिळतो." मी म्हटलं, "मला गोड नको." ती म्हणाली, "रात्री मोमो खाऊ." मी म्हटलं, "मला भूक नाही." भूक नाही कसली! ती जेवून येईपर्यंत मी खोलीत बसून चिवड्याचा डबा खरवडत होते. दोन रात्री असंच चाललं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वयंभूनाथला गेलो. टेकडीवरचा हा प्राचीन स्तूप. वर जायला ३६५ पायऱ्या आहेत. शेवटच्या पायऱ्या तर अगदी अंगावर येतात, आणि भोवताली माकडांचा सुळसुळाट. मैत्रीण पुढे चढता चढता म्हणाली, "अगं, इथे तासाभराचं विमान असतं. एव्हरेस्टजवळून फिरवून आणतात. उद्या जाऊ या का? परवडेल आपल्याला." तिने तिकिटाचा आकडा सांगितला. माझ्याकडे उरलेल्या सगळ्या पैशांपेक्षाही तो मोठा होता.

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आकड्याने की उपाशी पोटाने, कोण जाणे. मी पायरीवर मटकन बसले. तिने पाणी दिलं आणि विचारलं, "काल रात्री काय खाल्लंस?" मग मला लपवता येईना. आठ हजार, शिकवण्या, चिवडा, सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, ती म्हणेल, 'असू दे गं.' पण ती भडकली! "दोन रात्री मी एकटी जेवले. मला वाटलं, बस चुकल्याबद्दल मी बोलत नव्हते म्हणून तू माझ्यावर रुसलीस. पैसे नाहीत हे सांगायला काय झालं होतं? मी काय तुझी परीक्षा घेणार होते?"

दोस्तांनो, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लाजले होते पैसे नसल्याबद्दल. लाजायला हवं होतं ते खोटं बोलल्याबद्दल.

स्तूपाच्या चारी बाजूंनी बुद्धांचे मोठे डोळे रंगवलेले आहेत. त्या डोळ्यांदेखत आम्ही तिथेच तह केला. कलमं तीन. पहिलं, रिकाम्या चिवड्याच्या डब्यात रोज सकाळी दोघींनी सारखेच पैसे टाकायचे, मला जमतील तेवढे. जेवण आणि बस त्यातूनच. दुसरं, डब्याबाहेरचा खर्च ज्याचा त्याने करायचा, दुसरीने त्यावर तोंड वाकडं करायचं नाही. तिसरं, कुणी कुणाला उसने द्यायचे नाहीत आणि मागायचेही नाहीत.

"आणि विमान?" तिने विचारलं. "तू जा," मी म्हटलं. "तुला एकटीला सोडून?" "अगं, सगळं दोघींनी बरोबरच करायचं, असं कुठे लिहिलंय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ती विमानतळावर गेली आणि मी साध्या बसने भक्तपूरला. काठमांडूच्या पूर्वेला तेरा किलोमीटरवरचं हे जुनं शहर. विटांचे रस्ते, लाकडी कोरीव खिडक्या. सार्क देशांतल्या लोकांना तिकीट कमी पडतं, म्हणून ओळखपत्र दाखवायला विसरू नका. तिथल्या चौकात न्यातपोल हे पाच छपरांचं मंदिर आहे. राजा भूपतींद्र मल्लाने ते १७०२ मध्ये बांधलं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सर्वांत खाली दोन पहिलवान, त्यांच्यावर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल आणि सर्वांत वर दोन देवता. खालच्यापेक्षा वरचा दहापट बलवान, असं तिथे मानतात.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसं गेली. भक्तपूरमध्येही घरं आणि देवळं कोसळली. न्यातपोल मात्र १९३४ च्या भूकंपातही टिकलं होतं आणि या वेळीही टिकलं. मी गेले तेव्हा बाजूला सुतार नव्या खांबांवर जुन्यासारखीच नक्षी कोरत होते. मातीच्या वाडग्यात दही विकणाऱ्या बाईंशी हिंदीत गप्पा झाल्या. त्या दह्याला 'जुजु धौ' म्हणतात, म्हणजे दह्यांचा राजा. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी शनिवार होता, म्हणून आमची पोरं वाचली." नेपाळमध्ये शनिवारी शाळांना सुट्टी असते. देशभरात हजारो वर्ग पडले, पण ते रिकामे होते. हे ऐकून हातातलं दही मी बराच वेळ नुसतं धरून बसले.

संध्याकाळी खोलीवर आम्ही डब्यातल्या पैशांचा डाळभात खाल्ला. तिथे डाळ, भात, भाजी पोट भरेपर्यंत पुन्हा वाढतात, बरं का! मी तिसऱ्यांदा भात घेतला. ती ८८४८.८६ मीटर उंचीच्या सागरमाथ्याबद्दल सांगत होती (ही नेमकी उंची मात्र २०२० मध्ये जाहीर झाली), आणि मी न्यातपोलबद्दल. ती म्हणाली, "शिखर पाहिलं, पण 'ते बघ' म्हणायला शेजारी कुणी नव्हतं." मी म्हटलं, "दही खाताना माझंही तेच झालं." मग शेवटच्या दिवशी डब्यात उरलेल्या पैशांतून आम्ही दोघी पुन्हा भक्तपूरला गेलो. एक वाडगा, दोन चमचे!

डोंबिवलीला उतरले तेव्हा माझ्या चोरखिशात शंभराच्या तीन नोटा होत्या. त्यातली एक आईला दिली, एक शेजारच्या मुलांना खाऊसाठी. तिसरी अजून या वहीत आहे.

तर पत्रलेखक दोस्ता, परदेश बघायला बाबा श्रीमंत असावेच लागतात असं नाही. पण खिशात किती आहेत हे बरोबरच्या माणसाला खरं सांगण्याची हिंमत मात्र लागते.

जाणार असाल तर : पंधरा वर्षांखालच्या मुलांना पासपोर्ट लागत नाही, वयाचा आणि ओळखीचा पुरावा लागतो. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखपत्र चालतं. नोटांचे आणि कागदपत्रांचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी मोठ्यांकडून ताजी चौकशी करून घ्या. आणि हो, कमान ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे!

पुढच्या अंकात वहीचं दुसरं पान. तोवर तुमच्या फजित्या मला जरूर कळवा.

तुमची,
भटकी ताई