खेळाचा तास

कमलाभवानीच्या देवळाजवळील विहिरीच्या ९६ पायऱ्या चढतांना करमाळ्याच्या शाळकरी मुलास धाप लागली, तर ती गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें अंग तापेल अशी हालचाल केली पाहिजे. २०१६ सालीं ११ ते १७ वर्षांचीं जगांतील शेंकडा ८१ मुलें तेवढीही करीत नव्हतीं. शाळा, शिकवणी व मोबाइल यांत दिवस सरतो. खेळाचा तास गणितास दिला, तर पालकच संतोष पावतात! आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतों, भांडवल खाऊन नफा दाखविणारी पेढी किती दिवस चालेल? शरीर हें मुलाचें भांडवल आहे. खेळाचा तास खेळासच मिळावा, असें पालकांनींच शाळेस बजावावें.