क्षमावाणीच्या कार्डावरचं कापलेलं नाव



दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला मोबाईल कार्डांनी भरून जातो. कमळ, दिवा, हात जोडलेली बाई, खाली 'उत्तम क्षमा'. यातली बरीच कार्डं आता आपल्याच मुली-सुना काढतात. कारंजा, शिरपूर, रिसोड, वाशीम, कुठेही विचारा, टॅबवर नाहीतर साध्या मोबाईलवर बोटाने चित्रं काढणारी एखादी तरी निघते. ती कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव लिहिते. कार्ड तिसऱ्या ग्रुपवर पोचेपर्यंत ते नाव कापलेलं असतं आणि त्या जागी कुणाच्या तरी दुकानाचं नाव, फोन नंबर आणि सहकुटुंब फोटो आलेला असतो. क्षमा मागायची, तीही दुसरीची वस्तू न विचारता घेऊन!

आमच्या नात्यातल्या एका सुनेने त्रिशलामातेची सोळा स्वप्नं काढली. दुपारी मूल झोपलं की काढायची, दीड महिना लागला. ती तिने हौसेने आपल्या पानावर टाकली. पुढे एका मंडळाने त्यांचे फ्लेक्स करून मिरवणुकीत लावले. तिला ते कळलं कुणीतरी मिरवणुकीचे फोटो पाठवले तेव्हा. विचारलं तर उत्तर मिळालं, "धर्माचंच काम आहे ना, पुण्य मिळेल." मांडववाल्याला, साउंडवाल्याला आणि ते फ्लेक्स छापणाऱ्याला मात्र रोख पैसे मिळाले होते. पुण्यावर भागवलं ते फक्त चित्र काढणारीचं.

आपण अचौर्याणुव्रताचा अर्थ तिजोरी आणि तराजूपुरता लावतो. व्रताची व्याख्या मात्र न दिलेलं घेणं, अदत्तादान, अशी आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात स्वतः चोरी न करता चोरीचा माल घेणं येतं, आणि नकली वस्तू खरी म्हणून चालवणंही येतं. नाव कापलेलं कार्ड पुढे ढकलणं यातल्या कशात बसतं, ते तुम्हीच ताडून पाहा. 'नेटवर होतं' म्हणजे 'दिलं होतं' असं नव्हे. ओट्यावर वाळत घातलेले पापडही सगळ्यांना दिसतात.

आणि नाव लिहिणं म्हणजे मानकषाय, असंही काही जणी म्हणतात. मग आपल्या कारंज्याच्या पोथ्यांचं काय करायचं? सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही मंदिरांच्या ग्रंथभांडारांमुळे कारंजा जाणकारांना माहीत आहे. हस्तलिखितांच्या शेवटी प्रशस्ती असते: गुरुपरंपरा, पोथी लिहवून घेणाऱ्याचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, मिती. शास्त्रदान करणाऱ्यांनीही नावं पुसली नाहीत. कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली प. ल. वैद्यांनी संपादित केलेलं 'जसहरचरिउ' निघालं. त्याचे कवी पुष्पदंत दहाव्या शतकातले. त्यांचं आणि त्यांना आश्रय देणाऱ्या नन्नाचं नाव आपल्याला आज माहीत आहे, कारण मधल्या हजार वर्षांत नकलणाऱ्या कुणी ते कापलं नाही. दानचिंतामणी अत्तिमब्बेने शांतिपुराणाच्या हजार प्रती करवून वाटल्या, असं परंपरा सांगते. त्या प्रतींवरही कवी पोन्नच राहिला.

फुकट द्यायचं तर जरूर द्यावं. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने 'मुक्ता', 'बलू' असे देवनागरी फॉन्ट सर्वांना मोफत वापरायला दिले आहेत. पण सोबत परवाना आहे, त्यात काय चालेल आणि काय नाही ते लिहिलं आहे, आणि करणाऱ्यांची नावं आहेत. याला दान म्हणावं. दान देणारीने ठरवायचं असतं, मंडळाच्या अध्यक्षांनी तिच्या वतीने नव्हे.

आता विकण्याचं. मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपण स्वतः काढलेल्या चित्रावर हक्क काढल्याबरोबर येतो, नोंदणी सक्तीची नाही. मात्र पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र काढलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला हक्क सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून दोन ओळी का होईना, लिहून घ्याव्यात: पत्रिकेपुरतं दिलं की बॅनर, पिशव्या, पुढच्या वर्षीची पत्रिका, सगळ्यासाठी? व्हॉट्सअॅपवरचा मजकूर जपून ठेवला तरी काही नसण्यापेक्षा बरा. आणि हक्क विकला तरी हे चित्र माझं आहे असं म्हणण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे काढणारीकडेच राहतो.

नमुना पाठवताना १०८० पिक्सेलचाच पाठवा. मोबाईलवर तो छान दिसतो, पण चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे तो साडेतीन इंचांपुढे नीट छापला जात नाही. मोठी फाईल पैसे आल्यावर. निम्मी रक्कम आधी मागायला लाजू नये, मेहंदीवाली मागतेच की. दर ठरवताना काढण्याचे तास धरा आणि 'जरा रंग बदलून दे' यात जाणारे तासही धरा. ते नेहमी विसरले जातात.

एक गोष्ट मुलींनाही सांगायची आहे. कॅनव्हातला तयार हत्ती उचलून ऐरावत म्हणून विकू नका. तो हत्ती दुसऱ्या कुणीतरी काढलेला आहे, आणि तो जसाच्या तसा विकायची परवानगी कॅनव्हाही देत नाही. गुगलवरून घेतलेल्या मूर्तीच्या फोटोचंही तेच. आपलं नाव कापलं म्हणून रडायचं आणि दुसऱ्याचं कापायचं, असं चालणार नाही.

सासवांनो, 'घरी बसून चित्रं काढते' हे वाक्य आता पुरे. टिफिन देणारीला आपण 'व्यवसाय करते' म्हणतो, हिलाही तसंच म्हणू या. तिच्या खात्यात यूपीआयने आलेले सातशे रुपये सातशेच असतात.

आमच्या महिला मंडळापुढे मी एवढंच ठेवणार आहे, तुम्हीही आपापल्या मंडळात ठेवून पाहा. पत्रिकेत भोजन सौजन्य, मंडप सौजन्य, पुष्पहार सौजन्य अशा ओळी असतात. त्यांच्या खाली आणखी एक ओळ मावते: 'चित्रे', आणि पुढे तिचं नाव. पैसे दिले असोत वा तिने दान केलं असो. आणि ती ओळ मजकूर छापखान्यात जाण्याआधी तिला वाचायला पाठवावी.