जुन्या आज्ञेचा मान

साहित्याच्या अभ्यासकांपुढे संगणकाच्या आज्ञांविषयी लिहिणे काहींना अस्थानी वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. कोणता पाठ प्रमाण मानावा, जुन्या लेखनात संपादकाने हात घालावा की नाही, हे प्रश्न ज्यांच्या रोजच्या व्यवहारातले आहेत, त्यांना या वादातले मर्म लवकर उमगेल. वाद असा : एखादे साधन कित्येक दशके एकाच रीतीने वागत आले आणि ती रीत सदोष आहे असे त्याच्या कर्त्यांना आज वाटू लागले, तर ती बदलावी काय? आणि बदलली, तर त्याची किंमत कोणी मोजावी?

पडद्यावर अक्षरे टंकून संगणकाला जे हुकूम दिले जातात, त्यांना कमांड-लाइनच्या आज्ञा म्हणतात. त्यांतल्या पुष्कळशा आज्ञांचे मूळ अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स प्रणालीत आहे. तेथेच १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन रचले. एखादा मोठा प्रोग्राम कोणकोणत्या तुकड्यांतून आणि कोणत्या क्रमाने बांधायचा, हे त्याला एका फाइलमध्ये लिहून द्यावे लागते. तीत प्रत्येक कृतीची ओळ टॅब या चिन्हाने सुरू झाली पाहिजे, साध्या मोकळ्या जागांनी चालत नाही. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखेच कोरे दिसतात. ही अडचण फेल्डमन यांच्या काही आठवड्यांतच ध्यानात आली होती. पण तोवर ‘मेक’ वापरणारे डझनभर लोक झाले होते, त्यांतले बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी विस्कटावी असे त्यांना वाटले नाही. ही हकीकत पुढे त्यांनी स्वतःच सांगितली आहे. जवळजवळ अर्धशतक लोटले, तरी तो टॅब जागचा हललेला नाही. ग्नू प्रकल्पाच्या ‘मेक’ने २०१० साली टॅबऐवजी दुसरे चिन्ह निवडण्याची सोय दिली, पण न सांगता गृहीत धरला जातो तो टॅबच.

तेव्हा जुने ते सोने असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. डझनभर मित्रांची एका दुपारची गैरसोय टळली आणि ती पुढच्या कित्येक पिढ्यांच्या माथी आली, हा हिशेब आम्हांलाही दिसतो. दोष बदलण्याची वेळ असते, आणि ती फार लवकर निघून जाते. आमचा प्रश्न ती वेळ निघून गेल्यानंतरचा आहे.

‘ईग्रेप’चे उदाहरण घ्या. मजकुरात विशिष्ट नमुन्याचे शब्द शोधणारी ही आज्ञा १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीत होती. पुढे तेच काम ‘ग्रेप’ या थोरल्या आज्ञेला एक खूण जोडून होऊ लागले आणि २००१ च्या पॉझिक्स प्रमाणसंहितेतून ‘ईग्रेप’ हे नाव गळले. ग्नू प्रकल्पाने २००७ मध्ये ते कालबाह्य ठरवले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून ही आज्ञा दर वेळी ‘मी कालबाह्य आहे’ अशा अर्थाची सूचना देऊ लागली. काम ती पूर्वीसारखेच करते. सूचनाही निकालात न मिसळता चुकांच्या वेगळ्या प्रवाहात जाते. मग बिघडले कोठे?

बिघडले ते असे, की ‘ईग्रेप’ला हाक मारणारा दर वेळी माणूस असतोच असे नाही. कोणी तरी दहा-वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली स्क्रिप्ट रात्री आपोआप चालते आणि ती या आज्ञेला बोलावते. माणूस सूचना वाचतो आणि पुढे जातो. स्क्रिप्टला मात्र समजूतदारपणा नसतो. चुकांच्या प्रवाहात एक अक्षर दिसले तरी काम फसले असे मानणाऱ्या स्क्रिप्टा आहेत. ती लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो, आणि सूचना पोहोचते ती जो काही दुरुस्त करू शकत नाही अशाकडे. उलट बाजूला लाभ किती? ‘ईग्रेप’ तोवर थोरल्या आज्ञेला हाक मारणारी काही ओळींची एक चिठ्ठी उरली होती. तिला मुकाट्याने जगू देण्याचा खर्च जवळपास शून्य होता.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवू. फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेत ग्नू प्रकल्पाने जानेवारी २०१६ मध्ये बदल केला. ज्या फाइलींच्या नावांत मोकळी जागा असते, ती नावे अवतरणचिन्हांत दिसू लागली. यादी विद्रूप झाली म्हणून पुष्कळ ओरड झाली. परंतु कर्त्यांनी एक पथ्य पाळले होते : यादी पडद्यावर, म्हणजे माणसासमोर येते तेव्हाच ही चिन्हे दिसतात, दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती जाते तेव्हा ती पूर्वीसारखीच राहते. शिवाय जुने रूप हवे असणाऱ्यासाठी एक खूणही ठेवली. रुचीचा वाद राहिला, पण कोणाचे काम मोडू नये याची काळजी घेतली गेली. आमच्या मते बदलाची रीत ही अशी असावी.

मराठी वाचकाला हा भेद नवा वाटू नये. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले; १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. ‘कांहीं’चे ‘काही’ झाले, ‘नाहीं’चे ‘नाही’. पण त्याच नियमांत अशी तरतूद आहे की, केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य यांतील उतारे मूळ लेखनाप्रमाणेच छापावेत. नियम बदलणाऱ्यांनीच एक रेघ ओढून जुन्याला अभय दिले. संगणकाच्या जगातही याचे भावंड आहे : प्रमाणसंहितेने काही आज्ञांची जुनी रूपे रद्द केली, तेव्हा ‘मी अमुक सालची संहिता पाळतो’ असे सांगून ती परत मिळवण्याची सोय ग्नू साधनांनी ठेवली.

लेखनसुधारणा पचली, कारण वाचणारा माणूस होता. ‘कांहीं’ वाचताना तो अडत नाही. यंत्र अडते. त्याला ‘काही’ शोधायला सांगितले तर ‘कांहीं’ त्याला सापडत नाही, आणि सापडले नाही हेही ते सांगत नाही. जुन्या-नव्या छपाईच्या पुस्तकांतून शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

साधने सांभाळणाऱ्यांची बाजू आम्ही नाकारत नाही. त्यांतले बरेच जण विनामोबदला राबतात. प्रत्येक जुनी लकब जपायची तर ओझे वाढत जाते. पण साधन पुरेसे पसरले की त्याची प्रत्येक दिसणारी लकब कोणाच्या तरी कामाचा आधार बनते, मग ती कर्त्याने जाणून ठेवलेली असो वा नसो. तेव्हा नवे द्यायचे ते नव्या नावाने किंवा नव्या खुणेने द्यावे; बदलायचे ते माणसापुढे बदलावे, यंत्रापुढे नव्हे; आणि बदलाचा भार ज्याला बदल हवा आहे त्याने उचलावा.

हे आपल्याला का सांगायचे? कारण आता प्रबंधांच्या पद्धतिविचारात अशा आज्ञा येऊ लागल्या आहेत. दहा वर्षांनी दुसऱ्या कोणी तीच आज्ञा त्याच संहितेवर चालवली आणि आकडे वेगळे आले, तर चूक संशोधकाची की साधनाची, हे कोण ठरवणार? प्रबंधात नोंदलेली आज्ञा हीदेखील एक संहिताच आहे. तिच्याशी, तिच्या आवृत्तीच्या उल्लेखासह, आपण संहितेशी वागतो तसे वागावे. आणि साधने घडवणाऱ्यांकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवावी.