आधी मोजा, मग बदला!

छोट्या विमानाचं इंजिन स्टार्टरवर रडतखडत फिरलं, की आपल्यातले निम्मे जण निकाल देतात, "स्टार्टर गेला, बदला!" मला हे पटत नाही. मित्रांनो, ओहमचा नियम फक्त व्हायवापुरता आहे का? अर्थिंगच्या गंजलेल्या जोडात ०.०१ ओहम रोध असेल, तर साधा मल्टिमीटर जवळजवळ शून्यच दाखवतो. पण २०० अँपिअर वाहताना तिथेच २ व्होल्ट खाल्ले जातात, तेही १२ व्होल्टच्या बॅटरीतले! म्हणून बॅटरी चांगली असेल, तर इंजिन फिरत असतानाच बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत आणि पॉझिटिव्हपासून स्टार्टरपर्यंत व्होल्टेज मोजा. इंधन बंद ठेवा, प्रोपेलरपासून लांब राहा. स्विच बंद असला तरी तो जिवंतच समजायचा. न मोजता नवा महागडा स्टार्टर बसवला, तरी गंज तिथेच राहणार. मग इंजिनिअरिंग शिकून उपयोग काय?