आधी कड सांगा

या अंकासाठी आलेल्या तीन लेखांत चौरस प्लेटची स्वाभाविक वारंवारता दशांशचिन्हापुढे पाच-पाच घरांपर्यंत काढलेली आहे. तिघांच्या रीती वेगळ्या, आकडे जवळजवळ एकच. प्लेट कशाला आणि कशी धरली आहे, हे मात्र तिघांनी एका शब्दात उरकले आहे: 'दृढबद्ध'.

गेल्या पावसाळ्यात एका कारखान्यात अशाच 'दृढबद्ध' झाकणावर हात ठेवून मी उभा होतो. ब्लोअरच्या डक्टवरचे पोलादी झाकण, मीटरभर लांब, तेवढेच रुंद, ५ मिलिमीटर जाड. तळहाताला मुंग्या येत होत्या. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला २४. डिझाइनच्या कागदावर झाकणाची पहिली वारंवारता ४४ हर्ट्झ. चारही कडा दृढबद्ध धरल्या तर गणितात तसूभरही चूक नाही. त्याच कडा नुसत्या टेकवलेल्या धरा, उत्तर येते २४! हातोडीचा ठोका देऊन मोजले, तेव्हा २६ निघाले. बोल्ट लांब लांब होते आणि खाली जाड रबरी गास्केट. फिटर म्हणाला, "साहेब, ते गास्केटवर बसलंय, पकडलंय कुठं?" निदान तिथेच झाले. मधोमध आडवा अँगल वेल्ड केला आणि गुणगुण थांबली.

कडेने भल्याभल्यांना दमवले आहे. क्लाड्नीने कंप पावणाऱ्या प्लेटवर उमटणाऱ्या वाळूच्या आकृत्या १७८७ मध्ये छापल्या, पुढे पॅरिसमध्ये नेपोलियनला दाखवल्या, आणि त्यांमागचे गणित मांडणाऱ्यासाठी तिथल्या अकादमीने पारितोषिक जाहीर केले. सोफी जेर्मँ यांनी तीनदा प्रयत्न केला. पहिल्या निबंधातले समीकरण चुकले, ते लाग्रांजने दुरुस्त केले. १८१६ मध्ये पारितोषिक मिळाले. समीकरण हाती आले, तरी मोकळ्या कडेवर अटी किती घालायच्या याचा घोळ संपला नाही. प्वासाँ तीन म्हणत होते. दोनच पुरतात, हे किर्खहॉफने दाखवले तेव्हा १८५० उजाडले होते.

त्यातही नेमके उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळते. आयताकृती प्लेटच्या चार कडा दृढबद्ध, टेकवलेल्या किंवा मोकळ्या धरल्या, तर वेगवेगळ्या २१ जुळण्या होतात. समोरासमोरच्या दोन कडा टेकवलेल्या असलेल्या सहाच जुळण्या नेमक्या सुटतात. क्लाड्नीची सगळीकडून मोकळी चौरस प्लेट त्या सहांत नाही. ती १९०९ मध्ये वॉल्टर रिट्झने पदांच्या मालिकेच्या रीतीने मार्गी लावली आणि त्याच वर्षी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तो गेला.

रिट्झच्या रीतीची एक खोड रोज वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी. ती वारंवारता कधी कमी दाखवत नाही. येते ती बरोबर तरी, नाहीतर जास्त. कड प्रत्यक्षाहून ताठ धरली, तर तीही आकडा वरच चढवते. दोन्ही चुका एकाच दिशेला, आणि आपण मोटरच्या वर राहू पाहतो आहोत! फायनाइट एलिमेंटचे जाळे कितीही बारीक करा, त्याने पहिली चूक आटते. दुसरी होती तिथेच राहते, उलट रंगीत चित्रामुळे तिच्यावर विश्वास बसतो.

शेलची गोष्ट आणखी तिरकी. पातळ नळकांड्याची सर्वांत कमी वारंवारता सर्वांत साध्या आकाराला असेलच असे नाही. परिघावर लाटा वाढल्या की वाकण्याची ऊर्जा वाढते, ताणण्याची घटते; दोहोंची बेरीज मध्येच कुठेतरी सर्वांत कमी होते. अर्नोल्ड आणि वॉरबर्टन यांनी १९४९ मध्ये हे नीट उलगडले. शिवाय टोकाला अक्षाच्या दिशेची हालचाल अडवली आहे की नाही, एवढ्यानेही आकडा बराच हलतो. आपल्या लेखांत ही अट सॉफ्टवेअरच्या टिकमार्कवर सोडून दिलेली असते.

म्हणून पुढच्या अंकापासून कंपनावरच्या प्रत्येक लेखासोबत कडेचे रेखाचित्र हवे: बोल्टांमधले अंतर, गास्केट, वेल्ड एका बाजूने की दोन्ही. ठोका देऊन मोजले असेल, तर तो आकडा गणिताच्या शेजारी छापू. जुळत नसला तर आनंदानेच.

वरचे तिन्ही लेख या अंकात आहेत. छापण्याआधी लेखकांना कडेबद्दल विचारले. एकाचे उत्तर आले: "वेल्ड आहे, पण तुकड्यातुकड्यांत." त्यांच्या आकड्यामागची तीन घरे त्यांनी स्वतःच खोडून पाठवली आहेत.