पिशवीतली चिठ्ठी

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी मृदा आरोग्य पत्रिका पाहिली असेल. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत मातीच्या बारा गोष्टी तपासतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म द्रव्ये. पिकाला काय कमी पडते ते त्यावरून कळते. मातीत नको असलेले शिसे, कॅडमियम किंवा आर्सेनिक किती आहे, याला मात्र त्या पत्रिकेत रकाना नाही.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) हा भाताचा मुलूख. इथे कसले आले प्रदूषण, असे तुम्ही म्हणाल. पण भोर तालुक्याच्या पूर्वेकडून, कापूरहोळ-किकवीवरून, महामार्ग जातो. पेट्रोलमध्ये शिसे मिसळणे आपल्या देशात २००० साली थांबले, तरी मातीला एकदा चिकटलेले शिसे पावसाने सहजी वाहून जात नाही. शिवाय जुन्या बॅटऱ्या फोडण्याची जागा, गॅरेजमागचे आवार कोणत्याही गावात असू शकते.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या मुलांना घेऊन रस्त्याकडेच्या सहा जागांची माती आणली. चिठ्ठ्या शाईने लिहिल्या होत्या. वाटेत पावसाने गाठले आणि संध्याकाळी टेबलावर सहा पिशव्या होत्या, पण कोणती कुठली हे सांगता येईना. एक मुलगा म्हणाला, "सर, रंगावरून ओळखू." मी नाही म्हटले आणि माती टाकून दिली. चूक माझीच होती. त्या दिवसापासून पेन्सिलीने लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या, एक पिशवीच्या आत व एक बाहेर, हा आमचा नियम झाला.

हल्ली हातात धरून वापरायचे क्ष-किरण यंत्र मिळते. क्ष-किरण मातीवर पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडते. ही ऊर्जा मूलद्रव्याच्या अणुक्रमांकाप्रमाणे ठरते, हा नियम मोझलीने १९१३ साली शोधला. मिनिटा-दोन मिनिटांत आकडा दिसतो, आणि धोका इथेच आहे. माती ओली असेल तर आकडा कमी येतो. शिसे व आर्सेनिक यांच्या प्रमुख रेषा जवळजवळ एकाच जागी, १०.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास पडतात. शिसे भरपूर असले की आर्सेनिकचा आकडा भरवशाचा राहत नाही. तांब्याचे तर आणखी वेगळे. आपला डोंगर काळ्या बेसाल्टचा, आणि या खडकात तांबे मुळातच दशलक्ष भागांत शंभराच्या वर सापडते. परदेशी तक्त्याशी ताडून "विषारी माती" म्हणून बोंब मारणाऱ्याने आधी त्याच डोंगरउतारावरची, माणसाचा हात न लागलेली माती तपासावी. एका घाईच्या आकड्याने गावाच्या तांदळाचे नाव खराब होते, आणि ते पुन्हा सुधारायला कोणी येत नाही.

म्हणून माझे मत असे, की शाळांनी यंत्राच्या मागे लागू नये. आधी वही धरावी. गट क्रमांक, तारीख, खोली, उतार, आदला पाऊस, शेवटचे खत किंवा फवारणी, शेजारी काय आहे, हे सारे जागेवरच लिहावे. वाफ्यात राब भाजला असेल तर तेही लिहा, राखेने मातीचा सामू बदलतो. जस्ताचा मुलामा दिलेले घमेले वापरू नका, नाहीतर घमेल्याचेच जस्त मोजाल.

खतासाठी आपण शेतातल्या अनेक जागांची माती एकत्र करतो. दूषित जागा शोधताना तसे करू नका. समजा, नऊ जागी शिसे २० आणि एका जागी ९०० आहे. सगळी माती मिसळली तर १०८ येईल, आणि ती एक जागा कायमची लपेल.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांविषयी नियम काढले. संशयित जागा हेरून राज्य मंडळाला कळवण्याचे काम त्यांत स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासनाकडे आहे. पंचायतीपुढे कोऱ्या पिशव्या नेल्या तर काय उत्तर मिळेल ते उघड आहे. नोंदीची वही नेली तर निदान प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी करता येते. निकाल तिथलाच धरायचा, आपल्या यंत्राचा नाही.

आम्ही त्या सहा जागी येत्या मे महिन्यात, पावसाच्या आधी, पुन्हा जाणार आहोत.